विहिरीतली तोफ, तिच्यावरचे आकडे आणि फलकावरचा शब्द

देवगड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी विचारलं आहे. गावात कलमांच्या बागेत विहीर खणताना जमिनीखाली लोखंडी तोफ सापडली, ती आता शाळेच्या आवारात ठेवली आहे. तिच्याजवळ मराठी आणि इंग्रजी फलक लावायचा आहे. इंग्रजीत कॅनन लिहायचं की गन? मराठीत नुसतं ‘तोफ’ पुरे का? हा शब्द मुळात कुठला? तोफेवर कोरलेले १७-२-१४ हे आकडे म्हणजे १७ फेब्रुवारी १९१४ ही तारीख धरायची का? आणि शेवटी एक ओळ: पावसाआधी ग्रामपंचायत तोफेला चंदेरी रंग देणार आहे, कोणता रंग टिकेल?

गुरुजी, शेवटची ओळ आधी घेतो, कारण तिला घाई आहे. रंग देऊ नका. चंदेरी नको, काळा नको, रेड ऑक्साइडही नको. कारण पुढे लिहितो, पण ग्रामसभेत विषय येणार असेल तर एवढं आजच सांगून टाका.

दुसरी घाईची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. तोफ रिकामी आहे का, हे कोणी बघितलंय का? जमिनीत गेलेली तोफ कधीकधी भरलेली असते. ठासलेली दारू बोळ्यामागे आणि मातीमागे अडकून राहते, आणि ही काळी दारू शंभर-दोनशे वर्षांनी सुकली तरी पेटू शकते. तपासायची रीत सोपी आहे. तोफेच्या मागच्या बाजूला वरून एक बारीक भोक असतं, तो तोफेचा कान. तोंडापासून कानापर्यंतचं अंतर बाहेरून सुतळीने मोजा. मग एक सरळ, सुका बांबू तोंडातून हलकेच आत सरकवा आणि तो किती आत जातो ते बघा. दोन्ही मापं जवळपास सारखी आली तर आत काही नाही. बांबू हातभर अलीकडेच अडला तर आत माती असेल, नाहीतर गोळा आणि दारूही असेल. अशा वेळी लोखंडी गज घालून टोकरायचं नाही. मुलांना लांब ठेवायचं आणि पोलिसांना कळवायचं, ते बॉम्बशोधक पथक बोलावतील.

बागेत गोळेही मिळाले असतील तर तोच नियम. भरीव गोळा म्हणजे नुसतं लोखंड, त्याची भीती नाही. पण ज्या गोळ्याला एका जागी बोटभर रुंद भोक आहे तो कुलपी गोळा, म्हणजे आत दारू भरलेला, पडल्यावर फुटणारा. त्याच्यावर हातोडी मारायची नाही.

आता आकडे. १७-२-१४ ही तारीख नाही, ते तोफेचं वजन आहे. जुन्या इंग्रजी तोफांवर वजन तीन घरांत कोरलेलं असे. पहिलं घर हंड्रेडवेटचं, आणि नावात शंभर असला तरी एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड. दुसरं घर क्वार्टरचं, एक क्वार्टर २८ पौंडांचा. तिसऱ्या घरात उरलेले सुटे पौंड. तुमच्या मुलांनाच हा हिशोब करू द्या: १७ गुणिले ११२ म्हणजे १९०४, त्यात दोन क्वार्टरचे ५६, वर १४. एकूण १९७४ पौंड, म्हणजे साधारण ८९५ किलो. चार क्वार्टरचा एक हंड्रेडवेट होतो, म्हणून मधला आकडा कधीच तीनच्या वर जात नाही. अठ्ठावीस पौंडांचा एक क्वार्टर, म्हणून शेवटचा आकडा सत्तावीसच्या वर जात नाही. तुमचे आकडे दोन्ही अटींत बसतात. ही गल्लत फार ठिकाणी होते. असे तीन आकडे तारखेसारखे वाचून तोफेला पहिल्या महायुद्धात नेऊन बसवलेलं मी एकाहून अधिक गावांत पाहिलं आहे, आणि दर वेळी गावकऱ्यांनी ते अगदी प्रामाणिकपणे केलेलं होतं. आकडे दिसतातच तसे.

दुसरं माप तोंडाचं घ्या. नळीचा आतला व्यास, बाहेरच्या कडेचा नव्हे. तो ९३ मिलिमीटरच्या आसपास आला तर ही सहा पौंडी तोफ, म्हणजे सहा पौंडांचा, पावणेतीन किलोला थोडा कमी असा गोळा फेकणारी. या वजनाच्या तोफेला ते माप शोभतं. आत गंजाचे पापुद्रे धरलेले असतील तर माप दोन-चार मिलिमीटरने कमी भरेल, तेवढं गृहीत धरा.

तिसरी गोष्ट खुणांची. पाठीवर मुकुट आणि त्याखाली जी-आर अशी गुंतलेली अक्षरं असतील तर ती जॉर्ज राजांची, १७१४ ते १८३० या काळातली. तीन रेघांचा बाण असेल तर ती सरकारी मालाची खूण. बदामाच्या आकारात चार घरं करून अक्षरं कोरलेली असतील तर तो ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का. तोफेच्या दोन्ही अंगांना जे आडवे जाड दांडे बाहेर आलेले असतात, ज्यांच्यावर ती गाड्यावर टेकते, त्यांना ट्रनियन म्हणतात. त्यांच्या सपाट तोंडावरही अक्षरं शोधा. तिथे नुसतं एफ असेल तर तोफ स्वीडनमधल्या फिन्स्पाँग या कारखान्यात ओतलेली असण्याची दाट शक्यता. तिथल्या तोफा डचांनी जगभर नेल्या, आणि डचांची वखार तुमच्या खाली वेंगुर्ल्यालाच होती.

पण इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण फलकाचा मजकूर तिच्यावर अवलंबून आहे. तोफेवरचा शिक्का ओतणाऱ्याचा किंवा ओतवून घेणाऱ्याचा असतो, पुढे वापरणाऱ्याचा नव्हे. मराठ्यांनी इंग्रजांकडून, पोर्तुगीजांकडून, फ्रेंचांकडून तोफा विकत घेतल्या. आंग्र्यांच्या आरमाराने गलबतं पकडली की त्यावरच्या तोफा किल्ल्यांवर चढल्या. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा तिथल्या तोफा पुन्हा इंग्रजांच्या हाती गेल्या. एकच तोफ तीन झेंड्यांखाली उडालेली असू शकते. मुकुट दिसला म्हणून ‘इंग्रजांची तोफ’ लिहू नका, आणि गाव मराठ्यांच्या मुलखात होतं म्हणून ‘मराठ्यांची तोफ’ असंही छातीठोक लिहू नका. ‘ब्रिटनमध्ये ओतलेली’ एवढं शिक्क्यावरून म्हणता येतं.

उलटी चूकही होते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात उत्तरेच्या तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यावर दोन तोफा उभ्या आहेत. ओहोटीला चालत गेलेला प्रत्येक पर्यटक तिथे फोटो काढतो आणि खाली ‘आंग्र्यांच्या तोफा’ लिहितो. जवळ जाऊन वाचलं तर तिथे यॉर्कशायरच्या लो मूर लोखंड कारखान्याचं नाव आणि १८४९ हे साल आहे. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. १८४९ पर्यंत तर आंग्र्यांचं संस्थानही खालसा होऊन गेलेलं होतं. तोफा समोर आहेत, अक्षरं समोर आहेत, आणि तरी वाचत कोणी नाही, याचं मला दर खेपेला वाईट वाटतं.

आता शब्दाकडे येतो. तुमचा खरा प्रश्न तोच आहे, आणि माझ्याही आवडीचा.

‘तोफ’ मूळचा तुर्की. तुर्कीत ‘टॉप’ म्हणजे गोल वस्तू, चेंडू. आजही तिकडची मुलं फुटबॉलला टॉपच म्हणतात. गोळा फेकणाऱ्या यंत्राला गोळ्याचंच नाव पडलं, फारसीतून ते आपल्याकडे आलं, हिंदीत तोप राहिलं आणि मराठीत तोफ झालं. ‘तोफची’ मधला ‘ची’ तुर्की, ‘तोफखाना’ मधला ‘खाना’ फारसी, आणि ‘गोलंदाज’ हा तर जोडशब्द: गोळा आपला, ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा तो फारसी. क्रिकेटमधला गोलंदाज हा मूळचा तोफ उडवणारा माणूस, हे वर्गात सांगून बघा.

शब्द आला तसं कसबही त्याच वाटेने आलं. विजापूरच्या मुलूखमैदान तोफेचं उदाहरण घ्या. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, ओतणारा महंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे रूमचा, तुर्कांच्या मुलखातला. तोफेचं खरं नाव मलिक-ए-मैदान, मैदानाचा धनी. मराठी जिभेने त्याचं मुलूखमैदान केलं, आणि पुढे बुलंद आवाजाच्या प्रत्येक वक्त्याला ते बहाल करून टाकलं. सुमारे ५५ टनांचा तो पंचरशी, म्हणजे मिश्र धातूचा, अजस्र ठोकळा, जबडा उघडलेल्या सिंहासारखं त्याचं तोंड. सभेत माइकपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला लोक हे नाव का देतात, ते तोफ पाहिल्यावर लगेच कळतं.

कोकणात तर हे सगळं त्याच्याही आधी समुद्रावरून येऊन पोचलं होतं. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत एका बाजूला पोर्तुगीज गलबतं आणि दुसऱ्या बाजूला इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अशी तोफांची लढाई झाली. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेडा मारला गेला, तोफेच्या गोळ्यानेच. शस्त्रांचे शब्द दोन दिशांनी आले ते असे. म्हणून मराठीत तोफ आणि गोलंदाज तुर्की-फारसी वाटेने आलेले, तर काडतूस आणि पिस्तूल हे पोर्तुगीज.

इंग्रजी ‘कॅनन’ची गोष्ट वेगळी. लॅटिनमध्ये ‘कान्ना’ म्हणजे वेत, बोरू, पोकळ नळी. इटालियनात ‘कान्नोने’ म्हणजे मोठी नळी, त्यावरून कॅनन. तुर्कांना गोळा दिसला, युरोपला नळी दिसली. आपल्याकडेही नळी दिसलेली माणसं होती: गजनाळ, सुतरनाळ या शब्दांतली नाळ तीच. गजनाळ हत्तीवरची, सुतरनाळ उंटावरची.

हा कान्ना तुमच्या शाळेच्या आवारातही असेल. लाल-पिवळ्या फुलांची कर्दळ, तिचं शास्त्रीय नाव कान्ना इंडिका, शब्द तोच. तिच्या काळ्या, गोल, दगडासारख्या टणक बिया पाहून इंग्रजांनी तिला ‘इंडियन शॉट’, म्हणजे हिंदी छर्रा असं नाव दिलं. आणि कैलासपतीचं झाड आठवा. आपल्याला त्याच्या फुलात नागाच्या फण्याखालची पिंडी दिसली, इंग्रजांना त्याच्या गोल फळात तोफेचा गोळा दिसला, म्हणून त्यांनी त्याला कॅननबॉल ट्री म्हटलं.

कॅनन की गन? इंग्रजीत आरमारी लोक आणि तोफखान्याचे लोक गन म्हणतात, सर्वसामान्य माणूस कॅनन म्हणतो. सोळाव्या-सतराव्या शतकात कॅनन हे एका ठरावीक मोठ्या मापाच्या तोफेचंच नाव होतं. लहान मापांना सेकर, फाल्कन अशी ससाण्यांची नावं होती. फलकाच्या मथळ्यात कॅनन लिहा, कारण वाचणाऱ्याला लगेच कळतं. खालच्या तपशिलात सिक्स पाउंडर गन लिहा, ते अचूक. आणि रंगाऱ्याला बजावून सांगा की रोमन लिपीत कॅननच्या मधोमध एन जोडीने येतो. मध्ये एकच एन असलेला कॅनन म्हणजे चर्चचा कायदा, किंवा कॅमेरा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ही चूक रंगून पक्की होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

मराठीत ‘तोफ’ पुरे आहे, पण एकटा शब्द फार मोठं गाठोडं आहे. रणगाड्यावरची ती तोफ, बोफोर्स ती तोफ, आणि तुमची विहिरीतली तीही तोफ. म्हणून आधी एखादं विशेषण लावा. ती बिडाची आहे, ओतीव आहे. पंचरशी तोफ पितळी-हिरवट दिसते आणि गंजत नाही. घडीव तोफेवर लोखंडी कड्यांचे वेढे दिसतात. आखूड, रुंद तोंडाची, गोळा उंच फेकून तटापलीकडे टाकणारी ती उखळी तोफ. इंग्रजीतही तिला मॉर्टरच म्हणतात, म्हणजे उखळच. दोन्हीकडच्या माणसांना स्वयंपाकघरातलं तेच भांडं आठवलं. तटाच्या कठड्यावर किंवा होडीच्या काठावर खुंटीत बसवून फिरवायची, एका माणसाने उडवायची ती जंबुरा. फारसीत जंबूर म्हणजे गांधीलमाशी, आणि नाव अगदी चपखल आहे, लहान, चपळ आणि डसणारी. सेकर-फाल्कन घ्या नाहीतर जंबुरा, लहान तोफांना नावं ठेवताना माणसांना उडणारेच जीव सुचलेले दिसतात.

फारच मोठ्या तोफांना माणसासारखी नावं मिळाली. जंजिऱ्यावरच्या कलालबांगडी, चावरी आणि लांडा कासम या तिघी त्यातल्याच. होडीतून उतरल्यावर तिथे कानावर पडतं की कलालबांगडीचा मारा बारा किलोमीटर होता. हे फलकावर किंवा वहीत उतरवू देऊ नका. काळ्या दारूवर चालणाऱ्या, आतून गुळगुळीत नळीच्या तोफेचा नेम धरून मारा साधारण एक-दीड किलोमीटर. कोन वाढवून गोळा नुसता भिरकावला तर आणखी एवढाच. जंजिऱ्याची ताकद पाण्यात होती, तटात होती, आणि तोफा नीट मांडण्यात होती. खोट्या आकड्यांची त्याला गरज नाही.

शाळा आहे म्हणून मुद्दाम लिहितो. तोफा गंजून गेल्या, पण तोफ उडवण्याची सगळी कृती मराठीत जिवंत आहे. तुमच्या गावात म्हाताऱ्यांना ठासणीची बंदूक माहीत असेल. डुकरं, वानर हाकायला ती कोकणात वापरायचे. तोफही ठासणीचीच. दारूची थैली तोंडातून आत सारायची, बोळा घालायचा, गोळा घालायचा, गजाने ठासायचं. कानात रंजक भरायची, म्हणजे बारीक दारू. मग बत्ती द्यायची. एवढं झालं की बार उडतो. रंजक ओली असेल तर कानाशीच फुर्र होतं आणि आतली दारू पेटत नाही, तो फुसका बार. लग्नाचा बार उडवतात तो हाच बार. ओळीने अनेक तोफा डागल्या की ती सरबत्ती. आज आपण फक्त प्रश्नांची सरबत्ती करतो. तोफा मांडायची जागा म्हणजे मोर्चा, त्यावरून मोर्चेबांधणी. निवडणुकीच्या दोन दिवस आधी प्रत्येक वर्तमानपत्रात ‘प्रचाराच्या तोफा थंडावल्या’ असा मथळा येतो. तोफ खरोखर तापायची. बार काढल्यावर ओल्या बोळ्याने पुसून थंड केली नाही तर पुढची दारू भरतानाच पेटायची. थंडावणं हा शब्द तिथला आहे.

एक वाक्प्रचार मात्र मुलांना जपून समजवा: तोफेच्या तोंडी देणे. ती खरीखुरी शिक्षा होती. १८५७ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत, आजच्या आझाद मैदानाच्या जागी, दोन हिंदी शिपायांना तोफेच्या तोंडाला बांधून उडवलं. कार्यालयात ‘मला का तोफेच्या तोंडी देता’ असं आपण सहज म्हणतो, त्यामागे हे आहे.

आणि ‘दारू’. किल्ल्यावर दारूकोठार अशी पाटी दिसली की सहलीतली मुलं हसतात, दर वर्षी. फारसीत दारू म्हणजे औषध. तेच नाव स्फोटक भुकटीलाही मिळालं आणि मद्यालाही. मी मुलांना ‘आज्ञापत्र’ या मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या ग्रंथातली सूचना सांगतो. दारूखाना राहत्या घरांपासून लांब असावा, दारू तळघरात ठेवावी, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने ती बाहेर काढून उन्हं द्यावी आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी, असं रामचंद्रपंत अमात्यांनी लिहून ठेवलं आहे. आपल्या आया-आज्या मेमध्ये मिरच्या, आमसुलं, सुकी मासळी जशी उन्हात टाकतात तसंच. कोकणच्या दमट हवेत एवढं केलं नाही तर वेळेला सगळेच बार फुसके.

तोच दमटपणा आता तुमच्या तोफेवर उलटणार आहे. रंगाला नाही म्हणतो त्याचं कारण हे.

बीड जमिनीत किंवा खाऱ्या पाण्यात राहिलं की त्यातलं लोखंड हळूहळू विरघळून जातं आणि मागे ग्राफाइट उरतं, पेन्सिलीच्या शिशासारखं. आकार तसाच राहतो, अक्षरंही दिसतात, पण वरचा बोटभर थर मऊ झालेला असतो. खाडीच्या गाळातून काढलेल्या एका तोफेच्या कडेला मी नख लावलं आणि नख आत गेलं, साबणात जावं तसं. अशा तोफेला तारेचा ब्रश लावला की अक्षरं, मुकुट, आकडे सगळं दहा मिनिटांत भुग्यासारखं खाली पडतं. एका किल्ल्यावर उत्साही तरुणांनी श्रमदानात नेमकं हेच केलं होतं. मी पोचलो तेव्हा तोफ चकचकीत काळी होती, आणि शिक्क्याच्या जागी हाताला नुसता उंचवटा लागत होता. त्या मुलांना कोणी आधी सांगितलं नव्हतं, एवढीच त्यांची चूक.

रंगाचा दुसरा दोष आतला आहे. लोखंडाच्या छिद्रांत मीठ शिरलेलं असतं. पावसाळ्यात हवेतला ओलावा ते ओढून घेतं आणि पृष्ठभागावर नारिंगी घामाचे थेंब उभे राहतात. सकाळी लवकर पाहिलंत तर दिसतील, मोहरीएवढे. रंगाखाली हा घाम कोंडतो. वरून दोन वर्षं झकास दिसतं, मग रंगासकट पापुद्रे सुटतात. शेंदूर आणि तेलाचंही तेच होतं. पूजा करायची असेल तर फुलं वाहा. त्याने काही बिघडत नाही, आणि लोकांचा जीव तोफेत राहतो हे मला हवंच आहे.

करायचं ते इतकंच. तोफ जमिनीवरून उचलून जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर ठेवा, चिरा आणि लोखंड यांच्यात जाड रबर घाला. तोंड मागच्या बाजूपेक्षा दोन बोटं खाली ठेवा म्हणजे पाणी आत साठणार नाही. सिमेंटच्या चौथऱ्यात रोवू नका. वर मांगराला करतात तसं साधं छप्पर करा. माती सुटत असेल तर मऊ ब्रशने आणि बांबूच्या चोयटीने काढा, खरवडू नका. पुढचं काम, म्हणजे मीठ काढणं, टॅनिक आम्लाचा हात देणं आणि वर मेण लावणं, हे माहीतगाराकडून करून घ्यायचं. टॅनिन हे द्रव्य आपल्या हिरड्यातही असतं, पण घरचा काढा करून लावायला जाऊ नका, प्रमाण चुकलं तर अपाय होतो.

कागदपत्रंही याच महिन्यात करा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरच्या किमतीची वस्तू सरकारला कळवावी लागते. तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला प्रत पाठवा. अर्जात विहिरीची जागा, खोली आणि तोफ कशी पडलेली होती ते लिहा. तोंड कुठल्या दिशेला होतं, हे बागवाल्यांना अजून आठवत असेल तोवर विचारून घ्या. पुढे कोणी अभ्यास करायला बसलं तर या माहितीची किंमत शिक्क्याइतकीच आहे.

फलकाचा मजकूर मी असा ठेवीन: ‘बिडाची ओतीव तोफ. सहा पौंडी. कोरलेले वजन १७ हंड्रेडवेट, २ क्वार्टर, १४ पौंड, म्हणजे सुमारे ८९५ किलो. गावातील बागेत विहीर खणताना सापडली.’ त्यापुढे सापडल्याचं साल. सहा पौंडी हे शब्द व्यास मोजून झाल्यावरच घाला. मुकुट किंवा कंपनीचा बदाम सापडला तर ‘ब्रिटनमध्ये ओतलेली’ हे जोडा, नाही सापडला तर जागा मोकळी सोडा. कोणत्या लढाईत, कोणत्या सरदाराची, हे काही लिहू नका. गावातून आग्रह होईल, त्या वेळी मुलांनी केलेला वजनाचा हिशोब वाचून दाखवा.

खुणा शोधायला दुपारचं ऊन उपयोगाचं नाही. संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी तोफेला जवळजवळ चिकटवून आडवी धरा आणि उजेड सावकाश पुढे सरकवत न्या. दिवसा न दिसलेली रेघ सावलीमुळे उठून दिसते. प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी ठेवा. मे अखेरीस मी विजयदुर्गला येतो आहे, तेव्हा शाळेत डोकावून जाईन. बांबू मात्र आधीच सुकवून ठेवा, ओला वाकतो आणि माप चुकतं.